चार यंत्रणांमधल्या बाई

बाईंच्या टेबलावरचा फोन त्या खुर्चीत टेकायच्या आधीच वाजायला लागायचा. पर्स अजून खांद्यावर, चष्मा कपाळावर, अशा अवस्थेत त्या रिसीव्हर उचलायच्या.

"बाई, पटकन एक सांगा."

ही दावे विभागातली. बाई मनात तिला 'घाई' म्हणत. तिचं प्रत्येक वाक्य 'पटकन'ने सुरू व्हायचं, आणि निरोप घेतानाचा शेवटचा शब्द नेहमी रिसीव्हरखाली चिरडला जायचा. घाई दोन मजले खाली बसायची. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिच्या धाकट्या मुलीला गणितात गती नाही, सासूबाई कानातलं यंत्र मुद्दाम काढून ठेवतात, आणि नवरा भाजी आणायला गेला की हमखास जून भेंडी घेऊन येतो, हे सगळं बाईंना ठाऊक होतं.

दुसरे होते 'सावकाश'. बंद पडलेल्या पॉलिसी पुन्हा चालू करायच्या विभागातले. त्यांचा फोन आला की पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू यायचा. मग, "बाई, मी बोलतोय." मग थोडं थांबून, "वेळ आहे ना?" पॉलिसीचा आकडासुद्धा ते एखादी जुनी हकिगत सांगावी तसा सांगायचे. तो शोधेपर्यंत ते त्या पॉलिसीवाल्याबद्दल बोलत राहायचे. "माणसानं इतकी वर्षं हप्ते भरले आणि मध्येच सोडून दिलं, बाई. काय झालं असेल हो?" बाईंना काय माहीत असणार? पण त्या म्हणायच्या, "होतं असं." आणि सावकाश म्हणायचे, "होतं खरं."

कंपनी विम्याची होती. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या साहेबांच्या लहरीप्रमाणे तिथे चार संगणक यंत्रणा आल्या होत्या. पॉलिसीची एक, हप्त्यांची एक, दाव्यांची एक आणि एजंटांची एक. एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या चार जावाच त्या. दाव्यांवाल्यांना हप्ते भरलेत का ते बघायचं असलं तर त्यांच्या पडद्यावर काही दिसायचं नाही. मग बाईंना फोन. चारही यंत्रणा एकट्या बाईंच्या संगणकावर उघडायच्या. कुणाचं काय कुठे ठेवलंय, कुठल्या जावेला कसं बोललं की ती उत्तर देते, हे बाईंना त्या आल्या तेव्हापासून येत होतं. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि मुलगा परदेशात स्थिरावला होता.

एक दिवस साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब नवे होते आणि वयानं बाईंच्या मुलाच्या आसपासचे. त्यांना बाईंशी बोलताना उठून उभं राहावं की बसून राहावं, हे अजून ठरवता आलेलं नव्हतं.

"बाई, आपल्याला या चारही यंत्रणा जोडायच्यात. वेब सर्व्हिस. म्हणजे प्रत्येकीला एक खिडकी काढून द्यायची. ज्याला जे हवं त्यानं त्या खिडकीशी येऊन ठरलेल्या भाषेत मागायचं. आत काय आहे, कसं आहे, कुणाला कळायची गरज नाही."

"आणि खिडकीशी आलेल्याला उत्तर कोण देणार?"

"यंत्रणाच देणार. आपोआप." साहेब खूश होऊन म्हणाले. "हे जोडकाम करणारे तीन कंपन्यांचे प्लॅटफॉर्म आलेत. ते तुम्ही तपासा, तुलना करा आणि कुठला घ्यायचा ते मला सांगा. या जुन्या यंत्रणांना तुमच्याइतकं इथे कोण ओळखतं?"

बाई "बरं" म्हणाल्या. आपल्या टेबलाशी परत आल्या तेव्हा फोन वाजतच होता. त्यांनी तो उचलला, घाईला हवा तो हप्ता सांगितला, भेंडीचं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र त्या काही वेळ रिसीव्हरवरचा हात न काढता बसून राहिल्या. साहेब काय सांगत होते ते त्यांना पहिल्याच वाक्याला समजलं होतं. काम चोख झालं, तर हा फोन वाजायचं कारणच उरणार नव्हतं.

आणि या फोनखेरीज दिवसभरात त्यांच्याशी कोण बोलत होतं?

घरी यजमान होते. दोघांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान काहीतरी बोलणं झालं असतं. निवृत्त झाल्यापासून ते मोबाईलवर बुद्धिबळ खेळत, कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांशी. मुलाकडची सकाळ म्हणजे इकडची दुपार. त्यामुळे त्याचा फोन यायचा तो बाई ऑफिसात असताना.

"त्याचा फोन आला होता," जेवताना यजमान म्हणाले.

"काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाला."

"अजून?"

"तुला विचारलंय."

"काय विचारलंय?"

"म्हणजे... विचारलंय. आई कशी आहे म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"ठीक आहे म्हणून सांगितलं." यजमानांनी डाव्या हाताच्या बोटानं घोडा पुढे सरकवला आणि उजव्या हातानं घास घेतला.

बाईंनी ताटं उचलली.

तिन्ही कंपन्यांची माणसं पाठोपाठ आली. बाईंनी त्यांना मनातल्या मनात थोरला, मधला आणि धाकटा अशी नावं देऊन टाकली. घरात नवी माणसं आली की आधी नाती लावून घ्यावीत, म्हणजे कुणाशी किती बोलायचं ते ठरतं.

थोरल्याची माणसं एकसारखे कोट घालून आली. त्यांच्याकडे सगळं होतं. जोडणी, पहारा, कुलपं, प्रशिक्षण, एवढंच काय, कंपनीचं चिन्ह असलेले चहाचे मगही. त्यांच्यातला बोलका माणूस इतका लाघवी होता की बाईंनी त्याचं नाव 'साखर' ठेवलं.

"मॅडम, आमच्याकडे सगळं एकाच छताखाली!"

"आणि पुढेमागे छत बदलायचं म्हटलं तर?"

"छत कशाला बदलायचं, मॅडम?" साखर खरंच गोंधळला.

तपासायची बाईंची रीत साधी होती. प्रत्येकानं दाव्यांची यंत्रणा आणि पॉलिसीची यंत्रणा जोडून दाखवायची. दाव्याकडून निरोप निघाला की तो वाटेत असताना बाई उठणार आणि भिंतीतली नेटवर्कची वायर उपटणार. नीट चाललेलं असताना सगळेच गुणी असतात. घरातल्या माणसांचं काय, यंत्रांचं काय, खरं रूप दिसतं ते मध्येच काहीतरी तुटल्यावर.

थोरल्याचा निरोप निघाला. बाईंनी वायर उपटली. पडद्यावर हिरवी खूण उमटली, 'निरोप पोचला.'

"कुठे पोचला?" बाईंनी विचारलं. "वायर माझ्या हातात आहे."

साखर हसला. "आमच्या बाजूनं निघाला, म्हणजे पोचल्यातच जमा, मॅडम. ते एका सेटिंगचं काम आहे."

मधल्याच्या वेळी तसं झालं नाही. वायर पुन्हा जोडल्यावर निरोप पोचला खरा, पण दोनदा. एकाच माणसाच्या मृत्यूचे दोन दावे पडद्यावर शेजारी शेजारी उभे राहिले. "गेलेल्या माणसाला पुन्हा मारलंत की हो," बाई म्हणाल्या. मधल्याच्या माणसांना हसावं की वहीत लिहून घ्यावं ते कळेना.

धाकटा म्हणजे तीन माणसांची कंपनी. नवरा, बायको आणि त्यांचा कॉलेजातला एक मित्र. बायको बोलायची, नवरा टाइप करायचा आणि मित्र घाम पुसायचा. त्यांचा पडदा दिसायला अगदीच गरीब होता. माहितीपत्रकात चुका होत्या. बाईंनी वायर उपटली तेव्हा हिरवं काहीच उमटलं नाही. 'थांबलो आहे,' एवढंच आलं. वायर परत लावल्यावर निरोप गेला. एकदाच.

"पण तुम्ही तिघंच आहात," बाई म्हणाल्या. "उद्या कंपनी गुंडाळलीत तर आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

"म्हणूनच तर आम्ही स्वतःची वेगळी भाषा केली नाही, ताई," बायको म्हणाली. "जी सगळ्यांसाठी खुली आहे तीच वापरलीय. आम्ही नसलो तरी दुसरं कुणीही येऊन हे वाचू शकेल. आमच्यावाचून अडू नये असंच बांधलंय."

बाईंना ती मुलगी आवडली आणि तिचं ते शेवटचं वाक्य आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात साखर एकटाच आला. त्यानं सेटिंग दुरुस्त करून आणलं होतं. आता वायर उपटली की लाल खूण यायची. शिवाय त्यानं एक नवी गोष्ट आणली होती.

"याला आम्ही तज्ज्ञ टेबल म्हणतो, मॅडम. समजा दोन यंत्रणांची उत्तरं जुळली नाहीत, शंका आली, तर चौकशी आपोआप एका जाणत्या माणसाकडे जाते. त्या माणसाचा फोन वाजतो. त्यानं हो म्हटलं की मगच पुढे."

"शंका किती वेळा यायची?"

"ते आपण ठरवायचं!" साखर खुर्ची पुढे ओढून बसला. त्याच्यासारख्या माणसांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचता येतं. "अगदी प्रत्येक चौकशी तुमच्याकडून जाईल असंही करता येतं. तुमच्याशिवाय इथलं पान हलणार नाही."

त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या. तुलनेचा कागद त्यांच्या डोक्यात तयार होत होता. थोरला मोठा आहे, टिकणारा आहे. आधार द्यायला त्याच्याकडे फौज आहे. वायरचं त्यानं दुरुस्त केलंच की. यात खोटं काय होतं? दुसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्याच्या रकान्यात लिहिलं, 'मानवी देखरेखीची उत्तम सोय.' लिहिलं आणि वाचलं. वाक्य चांगलं दिसत होतं.

दोन दिवसांनी मधल्याची माणसं सुधारलेला निरोप दाखवायला पुन्हा आली. मीटिंगची खोली बाईंच्या खोलीला लागूनच होती. भिंतीपलीकडे आपला फोन वाजतोय हे त्यांना ऐकू येत होतं. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मधल्याचा माणूस पडद्यावर बाण काढत बोलत होता आणि बाईंना खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून बरं वाटत होतं. कुणीतरी आपल्याला शोधतंय.

खोलीत परतल्यावर त्यांनीच घाईला फोन लावला.

"होतात कुठे तुम्ही, बाई? सकाळपासून जीव खाऊन फोन करतेय!"

"मीटिंग होती. बोल."

"आता काय बोलू? एक आजी आल्या होत्या. नवरा गेलाय. हप्ते भरलेत का ते मला दिसेना, तुम्ही मिळेनात. बसवून ठेवलं बाकावर. पाणी दिलं, चहा दिला, किती वेळ देणार? शेवटी म्हटलं, उद्या या." घाई पहिल्यांदाच हळू बोलली. "मला म्हणाल्या, पोरी, माणूस गेला हे वरच्या खिडकीत सांगितलं, मग त्या दुसऱ्या खिडकीत सांगितलं, मग तुला सांगितलं. उद्या परत सांगू का?"



"जाऊ दे," घाई पुन्हा आपल्या चालीवर आली. "तुम्हाला साधा ताप आला ना, तर या कंपनीला टाळं लागेल बघा!" आणि ती हसली.

हे वाक्य बाईंनी आजवर किती जणांकडून ऐकलं होतं. दर वेळी वरवर "काहीतरीच!" म्हणून त्यांनी ते एखाद्या दागिन्यासारखं आत नीट ठेवून दिलं होतं. आज त्यांना त्या दागिन्यासमोर बाकावर बसलेल्या त्या आजी दिसल्या.

त्यांनी तुलनेचा कागद उघडला आणि मानवी देखरेखीचं वाक्य खोडलं. बाकीचं लिहायला फार वेळ लागला नाही.

"ही छोटी कंपनी?" धाकट्याचं नाव वाचून साहेबांनी भुवया उंचावल्या. "तीन माणसं, बाई. वरच्यांना काय सांगू?"

"सांगा की त्यांच्या मापाची कामं द्या, आधी दोन यंत्रणा जोडू देत. खुली भाषा आहे. नाहीच जमलं तर बाकीचं दुसऱ्याकडून करून घेता येईल. त्या मोठ्या कंपनीकडे एकदा गेलो की आपण त्यांच्याच घरचे."

"आणि ते तज्ज्ञ टेबल? चांगलं होतं की. तुमच्यासाठीच होतं ना ते?"

"हो, माझ्यासाठीच होतं," बाई म्हणाल्या. "पण साहेब, मध्ये माणूस बसवायचा आणि यंत्रणा जोडल्या म्हणायचं, तर मग जोडलं काय?"

साहेबांनी मान हलवली. बाई निघाल्या तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले.

साखरला नकार कळवला तेव्हा तो फोनवर म्हणाला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात." बाई म्हणाल्या, "पाय माझाच आहे ना?"

धाकट्याला आधी दोन यंत्रणा मिळाल्या, मग उरलेल्या दोन. काम रडतखडत झालं. मित्राचा घाम निघाला, नवरा-बायकोत बाईंच्या खोलीत एक कडाक्याचं भांडण झालं. पण झालं. एका सोमवारी सगळ्यांच्या पडद्यावर सगळं दिसायला लागलं.

बाईंचा फोन त्या दिवशी दोनदा वाजला. दोन्ही वेळा लॉगिन कसं करायचं ते विचारायला. मग तोही थांबला. एकदा बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. गुं असा आवाज आला. फोन चालू होता.

शेवटी त्यांनीच घाईला फोन केला. "नीट चाललंय ना?"

"एक नंबर! कालच एका माणसाचं काम तो खुर्चीत बसेपर्यंत झालं. आता तुम्हाला सारखा सारखा त्रास नको द्यायला."

"त्रास कसला?"

"अहो त्रासच की! मलाच लाज वाटायची. बरं बाई, ठेवू? माणसं उभी आहेत."

"मुलीचं गणित..." बाई म्हणाल्या, पण शेवटचा शब्द तिकडे चिरडून गेला होता.

आता बाईंचं काम म्हणजे प्लॅटफॉर्मवर लक्ष ठेवणं. पडद्यावर एकेक ओळ वर सरकत जायची. कुठल्या विभागातून, कुणी, कुठल्या यंत्रणेकडे काय मागितलं, आणि शेवटी हिरवी खूण. बाई या ओळी वाचत बसायच्या. लवकरच त्यांना माणसं ओळखू यायला लागली. घाई एकदा बटण दाबून थांबायची नाही, लगेच दुसऱ्यांदा दाबायची. प्लॅटफॉर्म दुसरी चौकशी गुपचूप बाजूला टाकायचा. सावकाश एक पॉलिसी मागायचे आणि मग बराच वेळ काही नाही. मग पुढची. मधल्या त्या मोकळ्या वेळात ते कुणाशी बोलत असतील, असा विचार बाईंच्या मनात यायचा. 'काय झालं असेल हो?' आता कुणाला विचारत असतील?

मग एका आठवड्यात सावकाशांची ओळ आलीच नाही.

आधी बाईंना वाटलं, रजा असेल. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली नाही. पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. कुणी काही मागितलं नाही, तर त्याला यंत्रणा बिघाड म्हणत नाही. बाईंनी साहेबांना विचारायचं मनात आणलं, पण विचारणार काय? एक माणूस चौकशी करत नाहीये, अशी तक्रार कुठल्या रकान्यात बसते?

दुपारच्या चहानंतर त्या उठल्या आणि जिना उतरल्या. इतक्या वर्षांत सावकाशांच्या विभागात त्या कधी गेल्या नव्हत्या. लांबट खोली, खिडकीशी कोपऱ्यातलं टेबल, टेबलाशी एक तरुणी. ती कानाला मोबाईल लावून खुदुखुदु हसत होती. बाईंना पाहून तिनं तो खाली ठेवला.

"इथे ते... वयस्कर गृहस्थ बसायचे ना? सावकाश बोलणारे?"

"ते होय? रिटायर झाले की. मागच्या महिन्याच्या शेवटाला. कार्यक्रमही केला आम्ही, आमच्या आमच्यात." तिनं बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आपण?"

"मी वरच्या मजल्यावरून. संगणक विभाग."

"अगं बाई! काही बिघडलंय का?"

"नाही. सगळं नीट चाललंय."

तरुणी वाट बघत राहिली. बाईंनाही कळेना, आता काय. भिंतीवर निरोपसमारंभाचा एक फोटो चिकटवलेला होता. त्यात एक उंच, वाकलेला, मोठ्या कानांचा माणूस मधोमध उभा होता आणि कॅमेऱ्याकडे सोडून भलतीकडेच बघत होता. बाईंनी त्यांना नेहमी बुटके आणि गोल समजलं होतं.

"त्यांचा नंबर असेल का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

जिन्यात वर्दळ होती, म्हणून बाई खाली उतरून इमारतीच्या मागच्या दारापाशी गेल्या. तिथे रिकामी खोकी रचून ठेवली होती. तिथे उभं राहून त्यांनी मोबाईलवर नंबर लावला. बराच वेळ वाजला. ठेवावा असं वाटायला लागलं तेव्हा उचलला गेला. पाठीमागून कसल्यातरी मोठ्यानं चाललेल्या चर्चेचा आवाज येत होता.

"हॅलो?"

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "ऑफिसातून."



"बाई?" सावकाश म्हणाले. "बोला, बोला. कुठली पॉलिसी बघायची?"

"पॉलिसी नाही." पुढचं वाक्य त्यांना वर्षानुवर्षं कुणाला म्हणावं लागलं नव्हतं, आणि कारणाशिवाय ते कसं म्हणतात हेही आठवेना. "तुम्ही दिसला नाहीत बरेच दिवस. म्हणून... तुम्ही कसे आहात?"

सावकाशांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बाई खोक्यांपाशी उभ्या राहिल्या.

"थांबा हं, बाई," ते म्हणाले. "ठेवू नका. टीव्ही बंद करून येतो."